हरिपाठ येतो, पण 'पाणी' म्हणता येत नाही

वाचकांचे प्रश्न. या वेळची उत्तरं अंबाजोगाईच्या एका निवृत्त भूलतज्ज्ञ डॉक्टरांची.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमचे अण्णा ७४ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षांपासून माळकरी. मागच्या पोळ्याच्या आधी त्यांना लकवा मारला. उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली. तहान लागली तरी 'पाणी' म्हणता येत नाही. चिडले की मात्र एक घाणेरडी शिवी अगदी स्पष्ट निघते. उभ्या आयुष्यात आम्ही ती त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. आई पदर तोंडाला लावून आत जाते. आणि संध्याकाळी शेजारच्या देवळात हरिपाठ सुरू झाला की अण्णा खाटेवर पडल्या पडल्या अभंगामागून अभंग चालीत म्हणतात, एक शब्द चुकत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, आत्मा आत शाबूत आहे, मेंदू म्हणजे नुसता रेडिओ, तो बिघडलाय, स्टेशन चालूच आहे. माझा मुलगा बी.एस्सी.ला आहे. तो म्हणतो, सगळं मेंदूच असतो, मेंदू गेला तेवढे आजोबा गेले. यावरून घरात दोनदा भांडण झालं. तुम्ही आयुष्यभर माणसं बेशुद्ध करून परत शुद्धीवर आणलीत. माणूस म्हणजे नुसता मेंदूच का, खरं काय ते सांगा.
(एक शिक्षक, औसा तालुका)

उत्तर : गुरुजी, मोठ्या प्रश्नाकडे येतेच, पण आधी आईंना एक निरोप द्या. ती शिवी अण्णांच्या मनात चाळीस वर्षं दडून बसलेली नव्हती. 'आता खरं रूप बाहेर पडलं' असं भेटायला आलेल्या कुणी म्हटलं असेल तर ते साफ चूक आहे.

आपलं बोलणं दोन तऱ्हेचं असतं. 'तांब्याभर पाणी द्या' हे आपण दर वेळी नव्यानं जुळवतो. शब्द शोधायचा, क्रम लावायचा, जीभ आणि ओठ तसे हलवायचे. बहुतेक माणसांत हे काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, आणि शरीराची उजवी बाजूही तीच डावी बाजू हलवते. म्हणून अण्णांचा उजवा हात आणि वाचा एकदमच गेली. दुसरं बोलणं घडीव असतं. पाढे, वारांची नावं, रामराम, आरती, शिवी. ते जुळवावं लागत नाही. एक टोक हाती लागलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं, आणि त्याला मेंदूची उजवी बाजू आणि खोलवरचे भाग पुष्कळदा पुरतात. अण्णांचे ते भाग वाचलेले दिसतात. म्हणजे शिवी आणि हरिपाठ एकाच वाटेनं बाहेर येतात. शिवी त्यांनी कधी दिली नसेल, पण बैलबाजारात, आडतीवर, एसटी स्टँडवर आयुष्यभर ऐकली तर असेलच. तेवढं पुरतं.

हे आजचं नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडे लबोर्न नावाचा रुग्ण आला. एकवीस वर्षं तो रुग्णालयात होता आणि त्याला 'तान' एवढंच म्हणता यायचं. लोक त्याला तानच म्हणू लागले होते. पण फार संतापला की त्याच्याही तोंडून देवाच्या नावाची शिवी निघायची. काही दिवसांत तो वारला. ब्रोकांनी मेंदू पाहिला तर डाव्या बाजूचा पुढचा भाग नासलेला होता. तो मेंदू पॅरिसमध्ये अजून जपून ठेवला आहे. आईंना सांगा, अण्णांची शिवी दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाच्या शिवीसारखी आहे. तिचा माळेशी काही संबंध नाही.

आता तुमचं भांडण.

मी ३१ वर्षं भूल दिली. अंबाजोगाईत मला 'भुलीच्या बाई' म्हणत. पेशंटला झोपवताना आकडे मोजायला लावायची पद्धत आहे. मी कधी लावले नाहीत, कारण खेड्यातून आलेला माणूस आधीच घाबरलेला असतो आणि आकडे म्हटलं की त्याला परीक्षा वाटते. मी नातवंडांची नावं विचारायची, नाहीतर बैलांची. केजकडचे एक आजोबा पित्ताशयाच्या ऑपरेशनला आले होते. हाताला सलाईन होतं, त्यातून दुधासारखं पांढरं औषध सोडलं. प्रोपोफॉल म्हणतात त्याला. "हातात आग व्हायलीय बाई," ते म्हणाले. मी म्हटलं, बैलांची नावं सांगा. "पयली जोडी सर्ज्या-राजा. मंग हौश्या. हौश्याला घेतलं ते..." वाक्य तिथंच राहिलं. पापणीच्या केसांना बोट लावलं, पापणी हलली नाही. दीड तासानं डोळे उघडले तेव्हा त्यांनी टाक्यांवरच्या पट्टीकडे पाहिलंही नाही. "आजून चालू न्हाई केलं का?" म्हणाले.

गुरुजी, हा प्रश्न मी शेकड्यांनी ऐकला आहे. झोपेतून उठलेला माणूस असं विचारत नाही. किती वाजले ते त्याला नेमकं कळत नसेल, पण मधे रात्र गेली हे कळतं. भुलीत तो दीड तास त्या माणसाच्या हिशोबात नसतोच. झोपवणारं औषध होतं बारा मिलि, जेमतेम अडीच चमचे; पुढची झोप दुसऱ्या औषधांनी टिकवतात. मेंदूच्या पेशींवर बारीक दारं असतात, त्यांवर जाऊन ते बसतं आणि पेशींना गप्प करणारा संदेश बळकट करतं. एवढ्यानं सर्ज्या-राजा, हौश्या, त्याच्या खरेदीची गोष्ट, ती सांगणारा माणूस, सगळं थांबलं.

म्हणून तुमच्या भावाच्या रेडिओशी माझं जमत नाही. परभणी आकाशवाणी चालू असताना तुमच्या घरातला रेडिओ बंद पडला, तरी तिकडचा निवेदक बातम्या वाचतच असतो. आपण वाचत होतो हे त्याला माहीत असतं. स्टेशन खरंच वेगळं असतं तर ते आजोबा उठून म्हणाले असते, "मी बोलत होतो बाई, तुम्हालाच ऐकू येत नव्हतं." एकतीस वर्षांत असं मला कुणी म्हणालं नाही. दुसरं असं की, रेडिओ बिघडला तर खरखर येते, आवाज जातो. सोयाबीनचा भाव बदलत नाही. मेंदूला इजा झाली तर माणसाच्या आवडीनिवडी, भिडस्तपणा, बरंवाईट ठरवायची रीत, सगळं बदलू शकतं. बातमीच बदलते. माझ्या बोलण्यात एक फट आहे हे मला माहीत आहे. तो दीड तास ते आत जागे असतील आणि नंतर विसरले असतील तर? तो प्रश्न परभणीच्या एका बाईंनी विचारला आहे, तिथं बोलते.

तुमचा मुलगा मग बरोबर का? अर्धा. आणि उरलेला अर्धा तो ज्या खात्रीनं बोलतो ती खात्री अजून जगात कुणाकडे नाही.

भूल देण्याची पहिली गाजलेली जाहीर शस्त्रक्रिया १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये झाली, ईथरवर. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म या भुलीच्या दुसऱ्या औषधावर दोन आयोग बसले. निजामांनी पैसा दिला, इंग्रजांच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी पुढे होते. दुसऱ्या वेळी लंडनहून लॉडर ब्रंटन हे डॉक्टर आले. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून जिचं नाव घेतात ती डॉ. रूपाबाई फर्दुनजी त्याच काळात त्याच शहरात क्लोरोफॉर्म द्यायची. मला तिचा फार अभिमान आहे. आयोगानं सांगितलं की श्वासावर नजर ठेवा, हृदयाची काळजी नको. पुढं ते चूक ठरलं, क्लोरोफॉर्म हृदयालाही थेट मारतो. हे अशासाठी सांगते की, माणसाची शुद्ध घालवणं आपल्याला पावणेदोनशे वर्षांपासून येतं. शुद्ध कशानं असते हे त्यामुळं आपोआप कळत नाही.

आज पुष्कळ कळलं आहे, नाही असं नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यातल्या जवळपास ६९ अब्ज मागच्या लहान मेंदूत. आणि तोच लहान मेंदू पार खराब झाला तर माणूस झोकांड्या खातो, बोबडं बोलतो, पण त्याची जाणीव जात नाही. म्हणजे किती पेशी उरल्या यावर माणूस मोजता येत नाही. मुलाला हे मुद्दाम वाचून दाखवा. जाणीव पेशींच्या आपसातल्या बोलण्याशी बांधलेली दिसते. मार्चेल्लो मास्सिमिनी या इटालियन शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी २००५ साली जाग्या माणसाच्या डोक्यावर बाहेरून चुंबकाचा ठोका दिला तर त्याची लाट मेंदूभर फिरली. तोच माणूस गाढ झोपल्यावर दिला तर लाट उठली तिथंच विरली. भुलीतही असंच होतं. पेशी मरत नाहीत, ओसाड पडत नाहीत. गावात सगळी माणसं असावीत आणि शेजारच्या वाड्यालाही निरोप पोचू नये, तसं.

पण आता हुरडा घ्या. तुमच्याकडे जानेवारीत हुरडा होतो. आगटीतलं कणीस काढलं, हातावर चोळलं, फुंकर मारली, गरम हिरवे दाणे तोंडात टाकले. त्या क्षणी जिभेपासून मेंदूपर्यंत काय काय होतं ते मी तुम्हाला वहीभर लिहून देऊ शकते. कोणता संदेश कुठं गेला, कोणत्या पेशी पेटल्या. त्या वहीत गोडवा कुठंच येणार नाही. ज्यानं हुरडा खाल्ला नाही त्याला ती वही पाठ झाली तरी चव कळणार नाही. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्झनं १७१४ साली हेच गिरणीवरून सांगितलं होतं. विचार करणारं यंत्र गिरणीएवढं मोठं केलं आणि आत शिरून फिरलो, तर एक भाग दुसऱ्याला ढकलतोय एवढंच दिसेल, विचार कुठंच दिसणार नाही.

आपल्याकडे चार्वाकांनी मुलाची बाजू फार आधी घेतली होती. माधवाचार्यांच्या १४व्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त त्यांचं मत दिलं आहे: किण्व घालून आंबवलं की जशी मादकता उपजते, तसं पंचमहाभूतांतल्या चारांतून चैतन्य उपजतं, वेगळा आत्मा नको. माझी सुरुवातीची नोकरी किनवट तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होती. तिथं मोहाची फुलं पडली की पोरं वेचून खायची. गोड लागतात, चढत नाहीत. तीच फुलं आंबवली की चढतात. मला हा दृष्टान्त तेव्हापासून आवडतो, आणि तेव्हापासून खटकतोही. कारण मोहाचं कोडं सुटलं आहे. किण्व साखर खातं, अल्कोहोल सोडतं, प्रत्येक पायरी दाखवता येते, मधे कुठं हात सोडून उडी मारावी लागत नाही. मेंदूच्या बाबतीत पायऱ्या दाखवत दाखवत आपण वर येतो, आणि 'मग त्याला गोड लागलं' इथं उडी मारतो. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यालाच अवघड प्रश्न म्हणतात. त्यांच्याशी क्रिस्टोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञानं १९९८ साली पैज लावली होती की, पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला कॉखनी सगळ्यांसमोर हार मान्य केली आणि वाइनची पेटी चाल्मर्सना दिली.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. मेंदूवाचून जाणीव असते असं मला एकदाही दिसलं नाही, आणि तशी ती असते यावर माझा विश्वास नाही. अंबाजोगाईत राहून हे म्हणणं सोपं नाही. मुकुंदराजांच्या समाधीकडं उतरणाऱ्या वाटेवर मी पुष्कळदा बसले आहे, तिथली शांतता मला खरी वाटते. तरीही. पण 'मेंदू आहे म्हणून जाणीव आहे' आणि 'मेंदू समजला म्हणजे जाणीव समजली' ही दोन वाक्यं आहेत. पहिल्यावर मी सही करते. दुसऱ्यावर करणार नाही. ती मधली पायरी कधीतरी मेंदूतूनच सापडेल असं मला वाटतं. आज ती कुणाच्या हातात नाही. आणि ती नाही म्हणून तिथं आत्मा बसवून मोकळं होणंही मला पटत नाही.

'मेंदू गेला तेवढे आजोबा गेले' हे मात्र चूक आहे, आणि घरात त्या माणसासमोर बोलायचं असेल तर धोक्याचंही आहे. २००६ साली इंग्लंडमध्ये एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, मनात टेनिस खेळा. मग सांगितलं, मनात आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरा. निरोग्या माणसाच्या मेंदूत जे भाग पेटतात तेच तिच्या मेंदूत पेटले. आत कुणी नाही असं सगळे धरून चालले होते. अण्णा तर तिच्याहून कितीतरी जास्त हजर आहेत. अशा वाचाघातात पुष्कळांना बोलता येत नाही पण समजतं. दोनदा भांडण झालं म्हणता, ते कुठं झालं? खाटेजवळ झालं असेल तर अण्णांनी ते ऐकलं असं धरा.

घरी एवढं करा. एका वेळी एकानंच बोला, लहान वाक्यात, समोर बसून, आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजा. वाक्य त्यांच्या तोंडातून ओढून तुम्ही पुरं करू नका. हो-नाहीसाठी डाव्या हाताची खूण ठरवा. तांब्या, ताट, संडास, पंखा, आई, अशी चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून खाटेला लावा. लातुरात वाचा-उपचार करणारे मिळतील, त्यांना दाखवायला उशीर करू नका. आणि हरिपाठाचा आधार घ्या. गाण्याच्या चालीवरून शब्द परत आणायचा उपचार १९७०च्या दशकापासून आहे. त्याच चालीत, त्यांचा डावा हात मांडीवर हळू टेकवत, 'पा-णी' म्हणून पाहा. तुम्ही आधी, मग दोघं मिळून, मग ते एकटे. सगळ्यांना जमत नाही, आणि जमलं तरी महिने लागतात. आईंनी केलं तर बरं, त्यांचा सूर अण्णांना जास्त ओळखीचा असेल.

प्रश्न : माझी आत्या हार्ट अटॅकमधून वाचली. म्हणते, मी वरून खाली माझीच खाट पाहिली, डॉक्टर छातीवर दाबत होते. मेंदू बंद असताना हे कसं दिसलं?
(एक वाचक, हिंगोली)

उत्तर : आत्या खोटं बोलत नाही. नेदरलँड्समध्ये हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांना विचारलं तेव्हा ६२ जणांनी असे काही अनुभव सांगितले. तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पण अनुभव नेमका केव्हा आला, शुद्ध जाताना, मधे की परत येताना, हे आत्यालाही सांगता येणार नाही. जिनिव्हात २००२ साली मिरगीच्या एका बाईच्या मेंदूवर उजव्या बाजूला, कानाच्या थोडं वर-मागं, विजेचा बारीक झटका दिला, तर ती म्हणाली मी छताजवळून स्वतःला खाटेवर पाहते आहे. ती पूर्ण जागी होती, जिवंत होती. काही रुग्णालयांत फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं उंच फळ्यांवर ठेवून पाहिलं गेलं. आजवर कुणी ते चित्र सांगितलेलं नाही. आत्याशी वाद घालू नका, तिच्यासाठी ती आयुष्यातली मोठी घटना आहे. गोळ्या वेळेवर घेते का तेवढं बघा.

प्रश्न : पुढच्या महिन्यात बहिणीचं ऑपरेशन आहे. भुलीत माणूस आत जागा असतो, फक्त नंतर आठवत नाही, असं ऐकलं. खरं आहे का? फार भीती वाटते.
(एक वाचक, परभणी)

उत्तर : ताई, ऑपरेशनमधलं नंतर आठवणं फार दुर्मीळ आहे. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत, २०१४ साली, सुमारे १९ हजार भुलींमागं एक तक्रार असं प्रमाण आलं. बहिणीला आधी कधी असं झालं असेल, किंवा ती झोपेच्या, वेदनेच्या गोळ्या नेहमी घेत असेल, दारू-गुटखा काही असेल, तर भुलीच्या डॉक्टरांना न लाजता सांगा. औषधाचा हिशोब त्यावर बसतो.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग खरा आहे, आणि मी तो लपवणार नाही. ऑपरेशनमध्ये स्नायू सैल करायचं औषध देतात, त्यामुळं पेशंटला हलता येत नाही. १९७७ साली टन्स्टॉल नावाच्या डॉक्टरांनी एक युक्ती केली. ते औषध देण्याआधी एका दंडाला बीपीचा पट्टा आवळायचा, म्हणजे तेवढा हात मोकळा राहतो. मग कानाशी म्हणायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. काही जण दाबतात. उठल्यावर त्यातल्या बहुतेकांना काहीच आठवत नाही, त्रास झाला असंही ते म्हणत नाहीत. तो हात दाबणारा कोण होता? औशाच्या गुरुजींना मी रेडिओबद्दल एवढं ठामपणे लिहिलं, पण ज्यांनी हात दाबला त्यांच्या बाबतीत 'मधे काहीच नव्हतं' असं मला म्हणता येत नाही. मेंदूत काहीतरी जागं होतं, हे नक्की. त्याला जाणीव म्हणायचं का, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकले नाही.

म्हणून थिएटरमध्ये माझा एक नियम होता. पेशंट झोपल्यावर त्याच्या शरीरावरून, जातीवरून, बिलावरून कुणी बोललेलं मी चालू दिलं नाही, सर्जन माझ्याहून मोठे असले तरी. आणि टाके संपत आले की मी वाकून नाव घेऊन सांगायची, "झालंय बरं का, आता खोलीत नेतो." बहिणीच्या भुलीच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी भेटा आणि तिला नावानं हाक मारायला सांगा. घरात ज्या नावानं बोलावता, ते सांगा.